एक जूनचे खेळाडू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण जिल्ह्यातल्या धावपटू मुलींवर पानभर मजकूर दिला होता. लिहिणाऱ्याने मनापासून लिहिलं आहे, फोटोही सुरेख आहेत. माझी तक्रार आहे ती प्रत्येकीच्या नावाखाली टाकलेल्या चौकटीबद्दल. जन्मतारीख, जमात, वडिलांचा व्यवसाय, लग्न झालंय की नाही, मुलं किती. सहा चौकटी होत्या आणि त्यातल्या चार चौकटींत जन्मतारीख एकच होती, १ जून. वर्षं वेगळी, तारीख तीच. आपल्याकडे हे कुणाच्या लक्षात आलं नाही याचं नवल वाटलं. मला मात्र वाचता वाचता घाम फुटला, कारण त्या चारांतली एखादी तारीख माझ्याच हातची असू शकते.

मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक. नोकरीतली एकोणीस वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-हरसूल या आदिवासी पट्ट्यात काढली. सावळघाटात एसटी बंद पडली की तिथून पायी, असे ते दिवस. जून उजाडला की पाड्यापाड्यांवर फिरून पटनोंदणी करायची, नवी पोरं शाळेत आणायची आणि जनरल रजिस्टरात त्यांची नावं चढवायची. नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ इथपर्यंत ठीक चालायचं. जन्मतारखेच्या रकान्याशी पेन अडायचं. आईला विचारलं तर ती सांगायची, ‘आवणी उरकली होती, पोळा व्हायचा होता.’ (आवणी म्हणजे भाताची लावणी.) दुसरी सांगायची, बोहाड्याच्या, म्हणजे सोंगांच्या उत्सवाच्या, रातचा. साल विचारलं तर ‘थोरल्याच्या मागं दोन पावसाळे.’ आता खरं बघायला गेलं तर ही माहिती चोख होती. आवणी आणि पोळा यांच्यामधले दिवस किती, हे मोजता येतं. पण रजिस्टरात ‘आवणी’ लिहिता येत नाही. मग पोराला समोर उभं करायचं आणि उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचा. बोटं कानाला लागली की सहा वर्षं पूर्ण. त्या हिशेबाने साल ठरवायचं आणि तारीख टाकायची १ जून. आधी अंकी, मग अक्षरी: एक जून एकोणीसशे शहाण्णव. माझं अक्षर वळणदार आहे, त्यामुळे ती तारीख आणखीच खरी दिसते.

(माझी स्वतःची जन्मतारीखही १ जूनच आहे. माझ्या गुरुजींनीही माझा कान बघितला असणार. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून दर ३१ मेला आमच्या खात्यात निरोप समारंभांची झुंबड उडते. मी ३१ मे २०१४ ला त्याच झुंबडीत निवृत्त झालो. नारळ संपले होते, मला नुसती शाल मिळाली.)

या तारखेचं पुढे काय होतं, ते शिक्षकाला फार उशिरा कळतं. माझ्या शाळेतली एक मुलगी. तिचं नाव या पत्रात येणार नाही. चौदा वर्षांखालच्या गटात धावायला मी तिला तालुक्याला घेऊन गेलो. कागदावर तिला पंधरावं लागलं होतं, अंगाने ती बाराचीसुद्धा वाटत नव्हती. टेबलावरच्या माणसाने दाखला पाहिला आणि तिला रांगेतून बाजूला केलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. दाखल्यावर सही माझी, अक्षर माझं, आणि तो कानाचा हिशेबही माझाच. ती मैदानाच्या कडेला हातात चपला घेऊन दिवसभर बसून राहिली. परतताना पेठच्या स्टँडवर मी तिला भजी घेऊन दिली, तर म्हणाली, ‘गुरुजी, माझं वय कमी करता येत नाही का?’ दुसरीकडे वय खरोखर कमी करून पोरं खेळवणारे महाभागही मी पाहिले आहेत. क्रिकेटवाले आता मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, ते उगीच नाही.

आता मुद्द्यावर येतो. गेली तीन वर्षं आम्ही पाचजण नाशिक जिल्ह्यातल्या खेळाडूंचा एक छोटेखानी चरित्रकोश करतो आहोत. दीडशेच्या आसपास नोंदी होतील. संस्था नाही, अनुदान नाही, दर शनिवारी दुपारी माझ्या पंचवटीतल्या घरी बैठक असते. बँकेतून निवृत्त झालेले एक स्नेही टंकतात. पूर्वी खो-खो खेळलेल्या एक बाई आहेत, त्या दोघांच्या वाटचं बोलतात. एक कुस्तीवाले आहेत, ते फक्त कुस्तीच्या नोंदीला जागे होतात. आणि एक तरुण मुलगा आहे, तो मराठी विकिपीडियावर लिहितो आणि आम्हा म्हाताऱ्यांना नियम शिकवतो. त्याच्यामुळे मला कळलं की इंग्रजी विकिपीडियात जिवंत माणसांच्या चरित्रांसाठी वेगळा, कडक नियम आहे. पूर्ण जन्मतारीख सगळीकडे आधीच छापून आलेली असेल किंवा त्या माणसाची हरकत नसेल तरच द्यायची, नाहीतर नुसतं वर्ष. घरातली जी माणसं स्वतः सार्वजनिक जीवनात नाहीत, त्यांची नावं शक्यतो घालायची नाहीत. जिवंत माणसाचा धर्म किंवा जात त्याने स्वतः सांगितल्याशिवाय लिहायची नाही. हे ऐकून आमचे बँकवाले म्हणाले, ‘मग उरतं काय?’ मी म्हणालो, ‘खेळ उरतो.’ यावर त्या दिवशी चहा होईपर्यंत भांडण झालं.

जन्मतारखेचा निकाल त्यातल्या त्यात लवकर लागला. आम्ही फक्त वर्ष देतो आणि शंका असेल तिथे ‘शाळेच्या दाखल्यानुसार’ असं लिहितो. यात कमीपणा काही नाही. मिल्खासिंगांच्या जन्माची अधिकृत नोंद २० नोव्हेंबर १९२९ अशी होती, पण इतर कागदांत निराळ्या तारखा होत्या. फाळणीत घरदार गेलेल्या पोराकडे दाखला कुठून असणार? त्यांच्याबाबतीत तारखांचा हा घोळ स्वतःच चरित्राचा भाग आहे. पण गडी नोकरीत आहे, बँकेत खातं आहे, मोबाइल आहे, अशा आजच्या पोराची पूर्ण जन्मतारीख छापून वाचकाला काय मिळतं? मिळालंच तर ते फोनवरून पैसे लुबाडणाऱ्यांना.

खरी ओढाताण झाली ती घरच्या गोष्टींवरून. एका शनिवारी मी सहज म्हणून तयार नोंदींच्या ओळी मोजल्या. विदित गुजराथीची नोंद: ग्रँडमास्टर, २०२३ ची ग्रँड स्विस जिंकली, २०२४ मध्ये टोरोंटोला कँडिडेट्स, त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिंपियाडचं सांघिक सुवर्ण. वीस ओळी बुद्धिबळ, एक ओळ घर. शेजारचीच एका आदिवासी धावपटू मुलीची नोंद पाहिली. अठरा ओळी घर: कुडाची झोपडी, हंडे, अनवाणी पाय, आईचं जुनं लुगडं, वडिलांचं व्यसन. धावणं चार ओळी. दोन्ही नोंदी आमच्याच बँकवाल्यांनी लिहिल्या होत्या आणि ते सज्जन गृहस्थ आहेत, यात कोणाला शंका नको. त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘अहो, पण तिच्याबद्दल छापून आलेलंच तसं आहे.’ हे खरं आहे. नाशिकच्या कॉलेज रोडसारख्या सुखवस्तू वस्तीतल्या खेळाडूकडे गेलेला वार्ताहर दिवाणखान्यात बसतो आणि खेळाबद्दल विचारतो. पाड्यावर गेलेला वार्ताहर थेट चुलीपर्यंत जातो.

याचा अर्थ घरचं काहीच लिहू नये, असा मी काढत नाही. कविता राऊतला सगळा देश ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणतो. तिच्या नोंदीतून हरसूलजवळचं सावरपाडा गाळलं तर काय राहिलं? २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला तिने कांस्य जिंकलं. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर भारतीय महिलेचं ते पहिलं वैयक्तिक पदक, आणि १९५८ च्या मिल्खासिंगांच्या सुवर्णानंतर ट्रॅकवरचं भारताचं पहिलं. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्य मिळालं आणि सुवर्ण जेमतेम एका सेकंदाने हुकलं. घाटातल्या पायवाटा आणि त्या लांब पल्ल्याच्या शर्यती यांचा संबंध ती स्वतः सांगते, म्हणून तो लिहायचा. दत्तू भोकनळचंही तसंच. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही म्हणजे प्यायच्या पाण्याची मारामार. त्या गावचा मुलगा सैन्यात जातो, तिथे वल्हं हातात घेतो, २०१६ ला रिओत एकेरी नौकानयनात तेरावा येतो आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांगला चौघांच्या नौकेत सुवर्ण मिळवतो. इथे दुष्काळ सजावटीचा नाही. तो काढला तर गोष्टच कळत नाही.

खाशाबा जाधवांचं उदाहरण आमच्या कुस्तीवाल्यांनी काढलं आणि ते सगळ्यांना पटलं. १९५२ च्या हेलसिंकीचा खर्च निघत नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. इथे गरिबी आकड्यानिशी येते, कोणी काय केलं ते येतं आणि त्याचा थेट परिणाम ऑलिंपिकच्या आखाड्यात दिसतो. ‘हलाखीच्या परिस्थितीवर मात करून’ ही ओळ मात्र कोणाच्याही नावापुढे चिकटवता येते. आमच्या कोशातून आम्ही ती हद्दपार केली आहे. पहिल्या मसुद्यात ती एकवीस वेळा होती.

जातीवरून मात्र अजून एकमत नाही आणि होईल असं वाटतही नाही. २०१६ मध्ये पी. व्ही. सिंधूने रिओला रौप्य जिंकलं आणि लोक गूगलवर तिची जात शोधायला लागले, हे तेव्हा वर्तमानपत्रांतच आलं होतं. दोन वर्षांनी धावपटू हिमा दासच्या बाबतीत पुन्हा तेच झालं. मी हे सांगितल्यावर खो-खोवाल्या बाई उसळल्या. म्हणाल्या, ‘गुरुजी, तुम्ही सगळं झाकायला निघालात. आदिवासी पोरगी पुढे आली की मात्र जात लिहायची नाही? मग तिच्या मागच्या पोरींना कळणार कसं, की आपल्यातलीच होती?’ याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. मी एवढंच सुचवलं की ती पोरगी व्यासपीठावरून, मुलाखतीतून स्वतः अभिमानाने सांगत असेल तर आपणही तिच्याच शब्दांत लिहू. पण शाळेच्या रजिस्टरातला जातीचा रकाना पाहून आपण लिहायचं नाही. तो रकाना जात पडताळणीसाठी आहे, वाचकांसाठी नाही. बाईंनी मान हलवली, पण ती होकाराची होती की कंटाळ्याची, हे कळलं नाही.

शरीराच्या बाबतीत नियम सोपा असेल असं वाटलं होतं, म्हणजे दवाखान्यातलं काही लिहायचं नाही. तोही टिकला नाही. स्वप्ना बर्मनच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं आहेत. हे लिहायचं नाही, तर नेहमीचे बूट तिला का टोचत आणि ते दुखणं घेऊन तिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचं (सात प्रकारांच्या मैदानी स्पर्धेचं) सुवर्ण कसं मिळवलं, हे समजणार कसं? मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचं सुवर्ण घेऊन आले. त्यांच्या जखमा वगळून चरित्र लिहिणं म्हणजे त्यांचा अपमान. आता याच्या उलट बाजू. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरचं रौप्य मिळवलेल्या आपल्या एका धावपटूची लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतलं आणि तिच्या देहाची चर्चा देशभराच्या चहाच्या टपऱ्यांवर गेली. तिचं नाव शोधलं तर कोणालाही सापडेल, पण मी इथे लिहीत नाही. धावपटू द्युती चंदचं नाव लिहितो, कारण शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनच्या प्रमाणाच्या नियमावरून २०१४ ला बंदी आल्यावर ती स्वतःच्या नावाने क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये तिने तो नियमच स्थगित करवून घेतला. तिथे निकाल आहे, निकालामागचा कायदा आहे आणि तिची स्वतःची मर्जी आहे. एकीच्या अहवालावर दुसऱ्यांनी तोंडसुख घेतलं आणि दुसरीने तोच विषय हातात घेऊन भांडण जिंकलं. कोशात दोन्ही नोंदी सारख्या लिहिता येणार नाहीत.

खेळाडूने सांगितलं म्हणून सगळंच गाळायचं, असंही आम्ही करत नाही. एका खेळाडूचा फोन आला होता. उत्तेजकाच्या चाचणीत सापडल्यामुळे दोन वर्षांची बंदी होती, ती तेवढी वगळा म्हणाला. आवाजात अजिजी होती. आम्ही नाही म्हणालो. बंदी मैदानातली आहे, अधिकार असलेल्या मंडळाने घातली आहे आणि तिच्यामुळे दोन हंगामांचे निकाल बदलले आहेत. ती एका ओळीत, तारखेसह, कोणतंही विशेषण न लावता जाईल. ती संपल्यावर तो पुन्हा खेळला, हेही जाईल. त्याच्या घरातल्या भांडणाची बातमी मात्र आम्ही घेतलेली नाही, ती जास्त ठळक छापून आली होती तरी.

आता त्या मुलीकडे परत येतो, जी चपला हातात घेऊन बसली होती. पुढे ती धावलीच. राज्यात नाव झालं, खेळाडूंच्या पाच टक्क्यांच्या राखीव जागांतून सरकारी नोकरी लागली, लग्न झालं, एक मुलगी आहे. ती नावारूपाला आली त्या वर्षी एका दैनिकाचा वार्ताहर तिच्या पाड्यावर गेला होता. दुपारी बाराची वेळ. वडील ओट्यावर घोंगडी टाकून झोपलेले. चार दिवसांनी छापून आलं, ‘दारूच्या नशेत ओट्यावर पडलेला बाप आणि पदकाचं स्वप्न पाहणारी लेक.’ तो माणूस माळकरी. दिंडोरीकडे द्राक्षाच्या डिपिंगला गेला होता, आठ दिवस पहाटेपासून बागेत औषधात हात घालून घड बुडवत होता आणि त्याच सकाळी पिकअपच्या मागे उभा राहून घरी आला होता. तो झोपणार नाही तर काय करणार? त्याला वाचता येत नाही. हरसूलच्या बाजारात, मिठाच्या दुकानासमोर, कोणीतरी त्याला ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. मी तेव्हा तिथे होतो, पलीकडे बोंबील घेत होतो. वाचणाऱ्याचं वाचून झालं तरी तो तसाच उभा. मग गळ्यातली माळ सदऱ्याबाहेर काढून नीट वर घेतली आणि काहीही न बोलता निघून गेला. बाजाराची पिशवी मिठाच्या पोत्याला टेकवून ठेवली होती ती तिथेच राहिली. मी ती संध्याकाळी पोचवली.

दैनिकाला पत्र पाठवलं. खुलासा आला, आतल्या पानावर चार ओळींचा. पण ती मूळ बातमी इंटरनेटवर जशीच्या तशी आहे आणि तिच्याखाली खुलासा नाही. आमच्या बँकवाल्यांना तीच सापडली. त्यांनी नोंदीत लिहिलं: ‘वडील व्यसनाधीन.’ शेजारी बातमीची तारीखही दिली, व्यवस्थित. मी म्हणालो, हे खोटं आहे. ते म्हणाले, ‘गुरुजी, तुमच्या सांगण्याला पुरावा काय? याला छापील आधार आहे.’ त्यांचंही चूक नाही. कोश असाच चालतो, ऐकीव गोष्टीपेक्षा छापलेलं वरचढ. माझ्या रजिस्टरातली १ जूनही अशीच वरचढ ठरली होती.

शेवटी मी त्या मुलीलाच फोन लावला. सगळी नोंद वाचून दाखवली. वडिलांच्या ओळीवर ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘गुरुजी, बाबाचं तेवढं काढा.’ स्वतःच्या लेकीचं नाव नको म्हणाली, नवऱ्याचं असलं काय नसलं काय. जन्मतारखेचं विचारलं तर हसली, ‘ती तुमचीच हाय.’ मला वाटलं संपलं. तर म्हणाली, ‘पाच हजारची येळ काय लिहिलीय, परत वाचा.’ मी वाचली, सतरा मिनिटं चार सेकंद. ‘ती माझी नाही. माझी सतरा चाळीस. पेपरवाल्यांनी चाळीसचं चार केलं. सतरा चारला मी कधी पळाले नाही, गुरुजी. माझ्यासंगं पळणाऱ्या पोरी वाचतील तर काय म्हणतील?’

संपादक महोदय, वडिलांच्या व्यसनावर आमच्यात तीन शनिवार वाद झाला. ती वेळ आम्ही पाचही जणांनी वाचली होती आणि एकालाही ती तपासावीशी वाटली नाही. छत्तीस सेकंद. पाच हजार मीटरला छत्तीस सेकंद म्हणजे केवढं अंतर, हे कुस्तीवाल्यांनासुद्धा कळतं. निकालपत्रक तिच्याकडे होतं, त्याचा फोटो तिने त्याच रात्री पाठवला. आता नोंदीत सतरा चाळीस आहे.

म्हणून आपल्याला विनंती. आपण जे छापता ते दुसऱ्या दिवशी भेळेला जातं, असं आता राहिलेलं नाही. ते नेटवर पडून राहतं, तिथून आमच्यासारखे कोशवाले उचलतात, आमच्याकडून शाळेतल्या मुलांच्या प्रकल्पात जातं. तेव्हा चौकटी करायच्याच असतील तर त्यांत वेळ, अंतर, वजनगट, स्पर्धेचं नाव आणि साल एवढं घाला आणि ते निकालपत्रकावरून घ्या. जन्माचं वर्ष पुरे. लग्न आणि मुलं यांचा रकाना काढून टाका. पुरुष खेळाडूंच्या चौकटीत तो आपल्याकडे कधी दिसला नाही, मी जुने अंक चाळून पाहिले. नवरा किंवा बायको स्वतः खेळाडू असेल तर गोष्ट वेगळी. मिल्खासिंगांच्या पत्नी निर्मल कौर भारताच्या व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार होत्या, त्यांचं नाव कोण गाळेल? घरचं काही लिहायचं असेल तर छापण्याआधी त्या घराला एकदा वाचून दाखवा. मजकूर बदलायचा अधिकार त्यांना देऊ नका हवं तर, पण ऐकवा तरी. आणि खुलासा छापलात तर तो नेटवरच्या मूळ बातमीच्या डोक्यावरही लावा. कोणी म्हणेल वार्ताहराला एवढा वेळ कुठे असतो. पाड्यापर्यंत जायला वेळ होता, तर झोपलेल्या माणसाला उठवून ‘राम राम’ म्हणायला किती लागला असता?

रविवारच्या त्या चौकटींतल्या एक जूनच्या चार मुलींना मी ओळखतोच असं नाही. पण त्यांच्या शाळांत आवणी उरकल्यावर जन्मलेल्या मुलांची रजिस्टरं अजून आहेत आणि त्यांत माझ्यासारख्याच कोणा गुरुजींचं वळणदार अक्षर आहे. त्या चौघींना फोन करून तारीख द्यायची का, एवढं विचारलंत तरी चालेल. कदाचित त्यांतली एखादी तिच्या आईने सांगितलेलं सांगेल. ते मला जरूर कळवा.

पत्र लांबलं आहे. कात्री लावायचा अधिकार आपला आहे, फक्त सतरा चाळीस हा आकडा कापू नका आणि बदलूही नका. माझं नाव मात्र छापू नये. नावावरून शाळा निघेल, शाळेवरून पाडा, आणि पाड्यावर त्या वर्गातून नावाला आलेली मुलगी एकच आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
पंचवटी, नाशिक